ट्रॅव्हल ट्रेलरच्या बेडरूममध्ये सामान बसवताना

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. त्याच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक पिवळा स्टिकर असतो. या ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती वजनाचं सामान भरता येईल, तो आकडा त्यावर किलो आणि पौंडांत छापलेला असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रेलरवर तो लावणं बंधनकारक आहे. ट्रेलर बघायला गेलेला माणूस ओटा बघतो, संडासाचं दार उघडून बघतो, पलंगावर आडवा होऊन बघतो, पण स्टिकर वाचत नाही. आम्हीही वाचला नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात मी पलंगाखालचा एकही कोपरा मोकळा सोडला नाही. मी गिरगावातल्या दीड खोलीत वाढले. खाटेखाली ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, पोटमाळ्यावर दिवाळीची पातेली. मोकळी जागा दिसली की भरायची, ही सवय अंगात भिनलेली. चाळीतली खोली मात्र ताशी साठ मैलांनी हायवेवरून धावत नाही. ट्रेलरमध्ये जागा संपायच्या आधी वजन संपतं, हे कळायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला. म्हणून या लेखात कप्पे आणि हुक यांच्याआधी वजनाचा काटा येणार आहे.

उदाहरणं आमच्या ट्रेलरची देते: २४ फुटी, पुढच्या टोकाला आमचा पलंग, मागे मुलांचे दोन बंक. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात आणि त्यांच्या बेडरूमची मांडणी फार वेगळी नसते. मध्ये पलंग, दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची कपाटं, डोक्यावर आडवे कप्पे, पलंगाखाली मोठा खण. तुमचं मॉडेल दुसरं असलं तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

आधी सगळं बाहेर

बेडरूममधली एकूण एक वस्तू बाहेर काढा आणि गवतावर चादर पसरून त्यावर मांडा. यात पळवाट नको. ‘हे तर लागतंच’ असं म्हणून जे आत राहतं, त्यातच निम्मी अडगळ असते. आमच्याकडे चार माणसांसाठी सहा टॉर्च, तीन छत्र्या आणि एक पोहायची फुगवायची ट्यूब निघाली, जी कधीच फाटली होती.

मग तीन ढीग करा. रोज लागणारं, आठवड्यातून एकदा लागणारं, आणि ‘लागलं तर’. तिसऱ्या ढिगातलं प्रथमोपचार, पावसाचे कोट आणि गरम कपडे ठेवा. उरलेलं घरी. गेल्या दोन सहलींत जे हातात घेतलं नाही ते तिसऱ्या सहलीतही घेतलं जाणार नाही, हा माझा अनुभव. अपवाद फक्त औषधांचा.

वजनाचा हिशेब

भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला हातकाटा परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत असतो. २३ किलोच्या धास्तीनं घेतलेला. तो इथे कामी येतो. प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी त्याला अडकवून तोला आणि आकडा मास्किंग टेपवर लिहून त्यावरच चिकटवा. गोधडीसारखी गैरसोयीची वस्तू उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

आता स्टिकरवरचा आकडा घ्या. आमचा १,१८० पौंड. त्यातून आधी पाणी वजा करायचं. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. आमची टाकी ४० गॅलनची, म्हणजे ३३४ पौंड गेले. नंतर बसवलेली दुसरी बॅटरी ६० पौंड. स्वयंपाकाचं सामान १५०. पाण्याचे पाइप, खुर्च्या, हत्यारं मिळून २००. खाणं १००. मागच्या रॅकवर सायकली आणि खुद्द रॅक ८०. सगळ्यांची वजाबाकी केल्यावर बेडरूमच्या आणि चार माणसांच्या कपड्यांच्या वाट्याला २५६ पौंड उरले. पहिल्या उन्हाळ्यात एकट्या पलंगाखाली मी यापेक्षा जास्त कोंबलं होतं.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण वजाबाकीचा क्रम हाच ठेवा, बेडरूम शेवटी. पाण्याच्या बाबतीत थोडी सूट मिळते. मुक्कामी नळाची जोडणी असेल तर टाकी पाव भरून निघालं तरी चालतं. पण नॅशनल पार्कांतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर जोडणी नसते, तिथे टाकी भरूनच जावं लागतं. म्हणून हिशेब भरलेल्या टाकीचाच करावा.

एवढ्यावर वजनाचं प्रकरण संपत नाही. सामान किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या गोळ्यावर, पडायला हवा. कमी पडला तर मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. जास्त पडला तर गाडीचं मागचं चाक दबतं आणि पुढचं हलकं होतं. चाकं म्हणजे सी-सॉचा मधला टेकू समजा. आमच्या ट्रेलरमध्ये बॉलपासून चाकांच्या जोडीचा मध्य १६ फुटांवर आहे आणि पलंगाखालचा खण चाकांच्या ९ फूट पुढे. तिथे १६० पौंड ठेवले तर त्यातले १६० गुणिले ९ भागिले १६, म्हणजे ९० पौंड सरळ हिचवर येतात. उलट, चाकांच्या १० फूट मागे लटकणाऱ्या ८० पौंडांच्या सायकली हिचवरचे ५० पौंड उचलून घेतात.

हिचवर आलेला प्रत्येक पौंड गाडीच्या क्षमतेतूनही वजा होतो. गाडीचा तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि माणसं, कुत्रा, डिकीतला कूलर हे सगळं त्यातच बसवायचं असतं. तुमची बेडरूम मागच्या टोकाला असेल तर गणित उलटं होतं. तिथे पलंगाखाली जड सामान भरणं पुढच्यापेक्षाही वाईट. जड वस्तूंची जागा चाकांच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत. बेडरूममध्ये मऊ आणि हलकं सामान राहावं.

सगळं भरून झाल्यावर एकदा खऱ्या काट्यावर जा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. थोडक्या डॉलरांत तिथे गाडीच्या पुढच्या, मागच्या आणि ट्रेलरच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.

पलंगाखाली नेमकं काय आहे

पलंगाची फळी उचला आणि टॉर्च घेऊन आत बघा. मोकळी वाटणारी ही जागा क्वचितच पूर्ण मोकळी असते. पाण्याचा पंप, लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, बाहेरच्या शॉवरची जोडणी, विजेच्या तारा, कधी हीटरची गरम हवा नेणारी लवचीक नळी. ही नळी बघून घ्याच. ती पातळ पत्र्याची किंवा कापडी असते. तिच्यावर जड डबा सरकला की ती चेपते, आणि मग ऐन थंडीत एका खोलीत भट्टी पेटलेली आणि दुसरीत दात वाजताहेत असा प्रकार होतो. नळ्यांच्या सांध्यांनाही धक्के सोसत नाहीत.

कागदावर वरून दिसतो तसा नकाशा काढा. पंप, नळ्या, नळी जिथे आहेत तिथे फुल्या मारा. त्यांच्याभोवती प्लायच्या पट्टीचं बुटकं कुंपण करा, चार-पाच इंच उंचीचं पुरतं. पाव इंची प्लाय वापरा. अर्धा इंची प्लायचं ४ बाय ८ फुटांचं पान चाळीस पौंडांच्या पुढे जातं आणि सामान ठेवायला बांधलेली लाकडंच सामानाचं वजन खातात.

आता माप घ्या. माप खणाचं घ्यायच्या आधी तोंडाचं घ्या. फळी उचलल्यावर दिसणारी चौकट आणि बाहेरून उघडणारं दार या दोन्हींतून जो जाईल तोच डबा घ्यायचा. मी आत छान बसतील असे दोन मोठे डबे आणले होते. आत बसलेही असते, पण कुठूनच आत जात नव्हते.

पलंगाखालचे विभाग

बऱ्याच ट्रेलरांत पलंगाखालच्या पोकळीचे दोन भाग असतात. पुढचा भाग आरपार, ट्रेलरच्या दोन्ही कुशींवरच्या दारांतून बाहेरून उघडणारा. याला पास-थ्रू म्हणतात. मागचा भाग आतून, फळी उचलून. मध्ये पातळ पडदी असते किंवा नसतेही. नसेल तर आधी ती घाला, कारण बाहेरची धूळ आणि ओल आतल्या पांघरुणांपर्यंत येऊ द्यायची नाही.

बाहेरचा भाग बाहेरच्या वस्तूंना: घडीच्या खुर्च्या, चटई, चाकांचे ठोकळे, ट्रेलर समतल करायच्या प्लॅस्टिकच्या विटा, पिण्याच्या पाण्याचा पाइप. मैल्याचा पाइप इथे कधीही नाही. त्याची जागा मागच्या बंपरच्या नळीत किंवा वेगळ्या झाकणबंद डब्यात. पिण्याच्या पाइपाशेजारी तो चुकूनही नको. विटा आणि ठोकळे जड असतात. ते चाकांजवळच्या दुसऱ्या एखाद्या कप्प्यात बसत असतील तर तिथे हलवा. आम्ही ते गाडीच्या डिकीत नेतो.

आतल्या भागाचे मी चार चौकोन केले आहेत. पलंगाच्या पायथ्याकडचे दोन सहज हाताला येतात. फळी वीतभर उचलली तरी तिथे हात पोचतो. तिथे जास्तीच्या चादरी, टॉवेल आणि मुलांचे दुसऱ्या आठवड्याचे कपडे. डोक्याकडचे दोन चौकोन खोल आणि गैरसोयीचे. तिथे सहलीत एकदाच लागणारं: जाड जॅकेटं, लोकरी टोप्या, पाहुण्यांसाठी स्लीपिंग बॅग. जॅकेटं जुलैतही लागतात. येलोस्टोनचा बराच भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे आणि भर उन्हाळ्यातही तिथे पहाटे पारा गोठणबिंदूजवळ येऊ शकतो.

डबे कडक प्लॅस्टिकचे की कापडी? बाहेरच्या भागात कडक, झाकणाचे, पारदर्शक. आतल्या भागात कापडी, कानाच्या पट्ट्या असलेले. कापडी डबा हलका असतो, वेड्यावाकड्या कोपऱ्यात दबून बसतो आणि रिकामा झाला की चपटा होतो. लेबल बाजूला न लावता वर लावा, कारण इथे तुम्ही डब्याकडे नेहमी वरूनच बघणार.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यांनी आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. चार ब्लँकेटांच्या जागेत आठ बसली म्हणून माणूस आठ नेतो. घ्यायच्याच तर हातानं गुंडाळून हवा काढायच्या घ्या, नाहीतर परतीच्या वेळी कॅम्पग्राउंडवर व्हॅक्युम क्लीनर शोधत फिरावं लागेल. आणि पिसांची स्लीपिंग बॅग अशा पिशवीत महिनोन्‌महिने दाबून ठेवू नये, तिचा फुगा बसतो.

आजीच्या साड्यांची गोधडी आमच्या काट्यावर सात पौंड भरली. नियमानं तिला घरी राहायला हवं होतं. तिच्यासाठी मी माझ्या बुटांचे दोन जोड कमी केले.

फळी आणि गॅसचे दांडे

पलंगाची फळी उचलून धरणारे दोन गॅसचे दांडे असतात, गाडीच्या डिकीला असतात तसे. कारखान्यातून आलेली गादी पातळ असते, तिच्या वजनाला साजेसेच ते बसवलेले असतात. तुम्ही मेमरी फोमची जाड गादी टाकलीत की फळी अर्ध्यावर थांबते किंवा डोक्यावर येते. दांड्यावर त्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. ४.४५ न्यूटन म्हणजे एक पौंड. जुन्या आणि नव्या गादीच्या वजनातला फरक बघून दोन्ही दांडे एकदमच बदला. एकच बदलला तर फळी पिळवटते. उगाच फार ताकदीचे घेऊ नका, नाहीतर रात्री गादीवरून उठलात की फळी आपोआप वर येईल. बसवताना फळी बंद असेल तेव्हा बारीक दांडी खाली राहील असं बसवा. आतलं तेल रबरी सीलपाशी राहतं आणि दांडा टिकतो.

काहीही असो, आत डोकं घालताना लाकडी टेकू लावाच. आमचा टेकू म्हणजे तुटलेल्या झाडूचा दांडा. तो पलंगाच्या कडेला दोन क्लिपांत अडकवलेला असतो.

गादी नवी घेताना मापाकडे लक्ष द्या. अनेक ट्रेलरांतला क्वीन पलंग घरच्या क्वीनसारखा ६० बाय ८० इंच नसतो. रुंदी तीच, पण लांबी ७४ किंवा ७५ इंच. ८० इंची गादी आली की पायथ्याची वाट बंद होते, आणि पायथ्याकडचे ते दोन सोयीचे चौकोनही हातचे जातात.

ओल

पलंगाखाली ठेवलेल्या कापडाचा खरा शत्रू ओल. दोन माणसं रात्रभर वर झोपतात, अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड प्लायला लागून तिचं पाणी होतं. सकाळी गादी उचलून हात लावून बघा. गार आणि दमट लागला तर उपाय करायलाच हवा. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटई मिळते, ती सर्वांत सोपी. हाताला सुतारकाम येत असेल तर फळीला ठिकठिकाणी दीड-दोन इंची भोकं पाडा, मात्र चौकटीचं लाकूड जिथे खालून लागलं आहे तिथे नको.

दुसरी ओल बाहेरून येते. पास-थ्रूच्या दारांचं रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी मारायचं, गळती लगेच सापडते. तोवर डबे थेट जमिनीवर न ठेवता खाली अर्ध्या इंचाच्या पट्ट्या टाका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ते चालत्या ट्रेलरमध्ये ठेवू नका. साठलेलं खारट पाणी सांडलं की पांघरुणांबरोबर खिळेही गंजतात. मुक्कामी ठेवा, निघताना ओतून टाका.

बाजूची कपाटं

पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या उंच कपाटांत वर एक दांडी असते आणि खाली पोकळी. ही रचना सुटाबुटाच्या माणसांसाठी असावी. कॅम्पिंगला हँगरवर टांगण्यासारखं माणशी दोन कपडे असतात, बाकी सगळे घडीचे. त्यातून खड्ड्यांच्या रस्त्यावर हँगर नाचतात आणि दांडी खोबणीतून सुटते. पहिल्याच सहलीत दार उघडल्यावर आमचे सगळे कपडे पायाशी येऊन पडले.

एका कपाटातली दांडी काढून आडव्या फळ्या घाला. फळ्यांना पुढून दीड इंची काठ हवा. फळी ठोकायची नसेल तर दांडीवर लटकणारे कापडी कप्पे लावा आणि त्यांचं खालचं टोक तळाशी बांधा, नाहीतर ते झोपाळ्यासारखे हलतात. दुसऱ्या कपाटातली दांडी राहू द्या, पण उंची अर्धी करा. वर शर्ट, खाली जमिनीवर मळक्या कपड्यांची उभी पिशवी. ही पिशवी जाळीची घ्या, बंद पिशवीत ओले टॉवेल दुसऱ्या दिवशी कुबट होतात.

प्रत्येकाला एक कप्पा आणि त्यात मावतील एवढेच कपडे. पाच दिवसांचे पुरतात, सहाव्या दिवशी कॅम्पग्राउंडचं किंवा गावातलं लाँड्रोमॅट. छोट्या चेनच्या पिशव्यांत माणसागणिक रंग ठरवून दिला की मुलं आपलं आपण काढतात. कपडे आडवे रचण्यापेक्षा गुंडाळ्या करून उभे लावा, खालचा टी-शर्ट काढताना वरचा ढीग कोसळत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला बुटांचे पारदर्शक कप्पे लटकवता येतात. त्यांत बूट सोडून सगळं ठेवावं: मोजे, चार्जर, सनस्क्रीन, औषधं, पत्ते. बूट बेडरूममध्ये आणायचेच नाहीत. दाराशी एक ट्रे ठेवा, प्रश्न मिटला.

डोक्यावरचे कप्पे

इथे फक्त ते ठेवा, जे झोपेत डोक्यावर पडलं तरी चालेल. उशा, टोप्या, टिश्यू पेपर, उद्याचे कपडे. आमच्याकडे एका वळणावर कप्प्याचं दार उघडून स्टीलचा फिरकीचा तांब्या बरोबर माझ्या उशीवर पडला. गाडी चालू होती म्हणून उशीवर डोकं नव्हतं.

या दारांच्या खटक्यांवर फार विसंबू नका. स्वस्तातली, लहान मुलांसाठी मिळणारी कुलपं आतून लावली की पुरे. आत पडद्याची स्प्रिंगची दांडी आडवी अडकवा, सामान सरकून दारावर येत नाही. तळाला रबरी जाळी अंथरा. ड्रॉवरनाही हाच उपाय, कारण ते वळणावर उघडतात आणि त्यांच्या पट्ट्या वाकतात.

भिंती

भिंतीला हुक लावण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. जुन्या पद्धतीच्या ट्रेलरमध्ये लाकडी उभ्या पट्ट्या आणि त्यांवर पातळ प्लायचा पापुद्रा असतो. नव्या, बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या ट्रेलरमध्ये अॅल्युमिनियमची चौकट आणि मध्ये थर्मोकोलसारखा फोम. दोन्हीकडे पट्टी किंवा चौकट सोडून मधल्या भागात स्क्रू टिकत नाही. लाकडी पट्ट्यांच्या भिंतीवरून छोटा लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटेल तिथे आत स्क्रू किंवा पिन आहे, म्हणजे पट्टी आहे. अख्खी भिंतच दीड-दोन इंच जाडीची आणि आत तारा, म्हणून पाऊण इंचापेक्षा लांब स्क्रू नको.

चिकटपट्टीचे हुक सोपे आहेत, पण त्यांना उन्हाची बाधा होते. बंद ट्रेलर ऑगस्टच्या उन्हात उभा राहिला की डिंक मऊ होतो आणि संध्याकाळी हुक जमिनीवर सापडतो. काढताना कधी भिंतीवरचा छापील कागदही सोलून येतो. टोपी, चावी, चष्म्याची पिशवी एवढ्यालाच ते वापरा. जड कापडी खिसे लावायचे तर गादीची जागा जास्त चांगली: अर्धा हात गादीखाली जाणारी पट्टी आणि बाजूला लोंबणारे खिसे. एकही भोक पडत नाही. मोबाइल, चष्मा, पुस्तक आणि पाण्याची बाटली एवढं त्यात मावतं.

बारीकसारीक जागा

जास्तीची ब्लँकेटं आणि जॅकेटं तक्क्याच्या अभ्र्यात भरा. चेनचे दोन लांब अभ्रे शिवून घेतले की दिवसा पलंगाला टेकायला तक्के आणि रात्री पांघरुणं. आमच्या पलंगाखालचा जवळजवळ एक चौकोन यानंच मोकळा झाला. मुलांच्या बंकवरही हीच युक्ती.

पलंग आणि कपाट यांच्यामधली चार इंचांची फट निरुपयोगी वाटते. तिथे घडीचं टेबल, छत्र्या आणि लॅपटॉप उभे बसतात, फक्त वर एक इलॅस्टिकची पट्टी हवी. पलंगाशी चढायला पायरी असेल तर तिची वरची फळी बिजागरीवर उघडती करून बघा, आत बहुधा पोकळीच असते.

वाण्याकडून आणलेली २० पौंडांची तांदळाची पिशवी पलंगाखाली ढकलायचा मोह मात्र आवरा. तिथे ती उंदरांना बोलावते. पाच पौंड तांदूळ घट्ट झाकणाच्या बरणीत, स्वयंपाकघरात.

जिथे काहीही ठेवायचं नाही

बेडरूमची एक खिडकी लाल खटक्यांची असते. ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट. तिच्यासमोर कप्पा, जाळी, तक्क्यांचा ढीग, काहीच नको, आणि मुलांना ती एकदा उघडायला लावा. प्रोपेन, म्हणजे शेगडी-हीटरचा गॅस, हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो. त्याच्यापुढे डबे आले तर तो उशिरा वाजेल. हीटरच्या जाळीपुढे मोकळी जागा हवी, ती नेमकी पलंगाच्या पायथ्याशी असते आणि तिथेच लोक मळके कपडे टाकतात. पेट्रोल, कोळशावर ओतायचं तेल, शेगडीचे छोटे सिलिंडर पास-थ्रूमध्ये ठेवणारे मी पाहिले आहेत. त्याच्यावर रात्री आपण झोपतो.

निघण्याआधी

पाच मिनिटं लागतात, पण क्रम ठरवून घ्या. डोक्यावरच्या कप्प्यांची कुलपं, कपाटांची दारं, ड्रॉवर, मग फिरता टेबललॅम्प आडवा. गादीवर मुलांनी टाकलेलं सगळं एका रिकाम्या कापडी डब्यात. हा डबा मी मुद्दाम रिकामाच नेते. पलंगाची फळी पूर्ण बसली का ते दाबून बघा. बेडरूममध्ये मुक्कामी बाहेर सरकवून खोली मोठी करायची सरकती भिंत असेल तर ती आत घेण्याआधी तिच्या वाटेतलं सामान उचला, नाहीतर मोटरच्या ताकदीपुढे प्लॅस्टिकचा डबा कागदासारखा चुरगळतो. पहिल्या दहा-पंधरा मैलांवर थांबून एकदा आत डोकावा. जे सरकायचं असतं ते तोवर सरकलेलं असतं.

हंगाम संपल्यावर

ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आत बेडरूम पूर्ण रिकामी करा. कापड, कागद, साबण, काहीही ठेवू नका. उंदीर साबणही कुरतडतात. पलंगाखाली जिथून नळ्या आणि तारा जमिनीतून आत येतात, तिथल्या फटी तांब्याच्या किंवा स्टीलच्या जाळीनं गच्च बंद करा. नुसता फवाऱ्याचा फोम ते कुरतडतात. डब्यांवरचे टेपचे आकडे बघून कोणता डबा सहलीत उघडलाच नाही त्यावर फुली मारा. कपाटांची दारं आणि ड्रॉवर किलकिले ठेवा, गादी कडेवर उभी करा आणि पलंगाची फळी टेकू लावून वर ठेवा. नळ्या गोठू नयेत म्हणून त्यांत अँटीफ्रीझ भरायला येणाऱ्या माणसालाही मग पंप शोधावा लागत नाही.